सेटलमेंटचा आकडा आणि सिबिलमधली ओळ

क्रेडिट कार्डाचं किंवा पर्सनल लोनचं सेटलमेंट करून आलेला माणूस सगळ्यांना आकडा सांगतो. "दोन चाळीस होते, एक दहात मिटवले." आकडा खरंच चांगला असतो. दोन-तीन वर्षांनी घरासाठी कर्ज मागायला गेलं की समोरचा अधिकारी मात्र सिबिलच्या रिपोर्टमधल्या, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीतल्या, एका ओळीवर बोट ठेवतो. तिथे 'सेटल्ड' लिहिलेलं असतं. ही ओळ कशी येते, ती कुणाच्या हातात असते आणि घासाघीस करतानाच तिचा विचार कुठे करायला हवा, ते इथे क्रमाने लिहिलं आहे. सगळं बिनतारणी कर्जाबद्दल आहे. घर किंवा सोनं तारण असेल तर खेळच वेगळा.

आधी दोन शब्दांचा घोळ मिटवू. बँकेने खातं 'राईट-ऑफ' केलं म्हणजे कर्ज माफ झालं असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. राईट-ऑफ ही बँकेच्या हिशेबाच्या वहीतली गोष्ट आहे. तुमच्याकडचं येणं तसंच राहतं आणि वसुलीही चालू राहते. सेटलमेंट म्हणजे तडजोड: ठरलेली रक्कम रोख घेऊन बँक आपला उरलेला दावा सोडते. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी या दोन्हींसाठी चौकट आखून दिली, आणि तिच्यातल्या तीन गोष्टी कर्जदाराला माहीत असायलाच हव्यात.

पहिली, तडजोडीला मंजुरी देणारा अधिकारी मूळ कर्ज मंजूर करणाऱ्यापेक्षा किमान एक पायरी वरचा लागतो, आणि ज्याने कर्ज दिलं तो या निर्णयात नसतो. म्हणजे फोनवरचा वसुली एजंट "मी करून देतो" म्हणतो तेव्हा त्याच्या हातात काहीही नसतं. तो फक्त प्रस्ताव पुढे सरकवतो. दुसरी, ठरलेली रक्कम भरायला तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदत दिली तर ती तडजोड न धरता कर्जाची पुनर्रचना धरली जाते. बँका एका रकमेवर किंवा फार तर दोन-तीन हप्त्यांवर अडून बसतात, त्याचं कारण हे. "बारा महिन्यांत देतो" असा प्रस्ताव पाठवून महिना वाया घालवू नका. तिसरी, तडजोड झाल्यावर तीच बँक तुम्हाला किमान १२ महिने नवं कर्ज देऊ शकत नाही. शेतीकर्जाला ही बारा महिन्यांची अट नाही, तिथे बँकेचं स्वतःचं धोरण लागतं. बारा महिने ही किमान मर्यादा आहे, बँक यापेक्षा जास्त ठेवू शकते. इतर बँका काय करतील ते त्यांच्या मर्जीवर.

आता वेळेबद्दल. खातं ९० दिवस थकलं की एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं. कार्डाच्या बाबतीत किमान देय रक्कमसुद्धा देय तारखेपासून ९० दिवसांत पूर्ण भरली नाही की एनपीए. त्याआधी सेटलमेंट मागायला गेलात तर बहुतेक वेळा "तसं काही नसतं" असंच उत्तर मिळतं, कारण बँकेच्या दृष्टीने खातं अजून जिवंत आहे. एनपीए झाल्यावर बँकेला त्या खात्यापोटी नफ्यातून तरतूद करावी लागते: बिनतारणी कर्जाला पहिल्या वर्षात साधारण २५ टक्के, आणि वर्षभर एनपीए राहून खातं 'संशयित' गटात गेलं की १०० टक्के. पूर्ण तरतूद झालेल्या खात्यातून जे काही येईल ते बँकेच्या दृष्टीने वरकमाई. म्हणून खातं जितकं जुनं तितकी सूट मोठी. मार्चअखेर आणि तिमाहीअखेर एजंटांचे फोन वाढतात तेही यामुळेच.

हे ऐकून काही जण मुद्दाम वर्षभर थांबतात. आमचं मत विचाराल तर हा वाईट सौदा आहे. थांबण्याच्या काळात रिपोर्टमध्ये महिन्यामागून महिना थकीत दिवस चढत जातात, खातं राईट-ऑफ म्हणून नोंदलं जातं, लवादाची किंवा कोर्टाची नोटीस येऊ शकते, आणि पगार त्याच बँकेत जमा होत असेल तर बँक त्या खात्यातून थकबाकी वळती करून घेऊ शकते. थकण्याची चिन्हं दिसताच पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत हलवणं हे अगदी साधं काम आहे, पण लोकांना ते पैसे कापले गेल्यावर सुचतं.

उलट, खातं ९० दिवसांच्या आत असताना एक दार उघडं असतं, त्याकडे फार कमी जण बघतात. बँकेला लेखी विचारायचं: विलंब शुल्क आणि काही व्याज तुम्ही आधी उलटवून द्याल का (लावलेली रक्कम खात्यातून परत काढून टाकाल का), म्हणजे उरलेली सगळी रक्कम मी भरेन? शुल्क उलटून मग बाकी शून्य झाली तर ते पूर्ण परतफेडीत बसतं आणि खातं 'क्लोज्ड' म्हणून जाऊ शकतं. हीच सूट तीन महिन्यांनी 'तडजोडीतली माफी' म्हणून मिळाली की तेच खातं 'सेटल्ड' होतं. खिशातून जाणारे पैसे दोन्हीकडे जवळपास सारखेच असतात. थकबाकीचं मासिक हप्त्यांत रूपांतर हाही पर्याय याच काळात मिळतो. व्याज लागतं, पण रेकॉर्ड वाचतं.

घासाघिशीला बसण्याआधी हिशेब. समजा कार्डावर २,४०,००० रुपये दाखवतात. गेल्या वर्ष-दीड वर्षाची स्टेटमेंट काढा आणि दोन रकाने करा: एकात तुम्ही प्रत्यक्ष केलेला खर्च, वजा भरलेले पैसे, दुसऱ्यात व्याज, विलंब शुल्क, मर्यादा ओलांडल्याचं शुल्क आणि त्या सगळ्यावरचा १८ टक्के जीएसटी. कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के धरलं तर २,४०,००० वर एका महिन्यात ८,४०० रुपये व्याज आणि त्यावर १,५१२ रुपये जीएसटी, म्हणजे ९,९१२ रुपये चढतात. त्यामुळे मूळ खर्च १,३०,००० च्या आसपास निघाला तर आश्चर्य वाटू देऊ नका. आता एजंटाचा "पन्नास टक्के डिस्काउंट" पुन्हा बघा: १,२०,०००. मूळ खर्चापेक्षा फक्त दहा हजारांनी कमी. या सुटीसाठी 'सेटल्ड'चा शिक्का घ्यायचा का, हा प्रश्न दोन रकाने समोर असल्याशिवाय नीट विचारताच येत नाही. १,२०,००० ची सोय होत असेल आणि आणखी साठ-सत्तर हजार नातेवाइकांकडून उभे राहत असतील, तर आधी शुल्क उलटवून पूर्ण परतफेडीची बोलणी करून बघा.

एक उपसूचना: एजंट सांगतो तो आकडा, बँकेच्या शेवटच्या स्टेटमेंटवरचा आकडा आणि क्रेडिट रिपोर्टवरचा आकडा हे तिन्ही सहसा वेगवेगळे असतात. बँकेकडून त्या तारखेचा थकबाकीचा उतारा लेखी मागवा आणि तोच धरून बोला.

प्रस्ताव एजंटाला तोंडी देऊ नका. बँकेच्या तक्रार निवारण विभागाला किंवा नोडल अधिकाऱ्याला ईमेल करा, आणि तोच मजकूर पोचपावतीसह टपालाने पाठवा. पत्र पानभराचं पुरे: कर्ज खाते क्रमांक, थकायचं कारण, आजचं उत्पन्न, देऊ शकता ती रक्कम, ती कुठून येणार आणि कोणत्या तारखेला. सोबत कारणाचे कागद जोडा. नोकरी गेल्याचं पत्र, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, धंद्याची जीएसटी विवरणं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. 'परिस्थिती हलाखीची आहे' या वाक्यापेक्षा पगार बंद झालेलं स्टेटमेंट जास्त बोलतं. रकमेची सुरुवात ठरवलेल्या कमाल रकमेच्या बरीच खालून करा, पण हास्यास्पद खालून नको. मंजुरी देणाऱ्याला फाईलवर लिहिता येईल असं काहीतरी लागतं.

या पत्रात एक कायदेशीर खाच आहे. अशा कर्जाच्या वसुलीच्या दाव्याला मुदत कायद्यानुसार साधारण तीन वर्षं असतात. ती संपण्याआधी तुम्ही सहीनिशी देणं कबूल केलं किंवा थोडी जरी रक्कम भरली, तर त्या दिवसापासून तीन वर्षं पुन्हा मोजायला सुरुवात होते. मुदत संपून गेल्यानंतरही लेखी, सही केलेलं नवं वचन दिलंत तर ते बंधनकारक ठरू शकतं. म्हणून फार जुन्या खात्याबद्दल कुणी अचानक "दोनच हजार टाका, फाईल जिवंत राहील" म्हणालं, तर फाईल कुणासाठी जिवंत राहणार आहे ते समजून घ्या. अशा जुन्या प्रकरणात पत्र पाठवण्याआधी वकिलाला दाखवणं हा खर्च वाया जात नाही. पत्राच्या माथ्यावर 'हक्क अबाधित राखून' असं लिहिण्याची पद्धत आहे. जरूर लिहा, मात्र त्या तीन शब्दांवर सगळी भिस्त ठेवू नका.

मग फोन सुरू होतात. त्यांचा साचा ठरलेला आहे.

"सर, तुमच्यासाठी स्पेशल अप्रूव्हल आणलंय. सत्तर हजार. आज संध्याकाळपर्यंतच."

"पत्र पाठवा. पत्र हातात आल्यावर त्यातल्या तारखेपर्यंत भरतो."

"पत्र निघायला आधी टोकन लागतं सर. पाच हजार टाका, लिंक पाठवतो."

"टोकन नाही. बँकेच्या ईमेलवरून पत्र येऊ द्या."

"मग स्कीम जाईल बघा. सिबिल कायमचं खराब होईल."

"बरं."

शेवटचा 'बरं' अवघड असतो, पण तोच सगळ्यात उपयोगी. टोकन देऊन पत्र आलंच नाही, तर ते पाच हजार थकबाकीत जमा होतात, व्याजात जिरतात आणि वर सांगितलेली मुदत नव्याने सुरू होते. 'आज संध्याकाळ' उलटल्यावर पुढच्या आठवड्यात तोच आकडा, कधी त्याहून कमीही, परत येतो. फोनच्या वेळा सकाळी ८ ते संध्याकाळी ७ एवढ्याच आहेत. त्याबाहेर फोन, नातेवाइकांना किंवा ऑफिसात फोन, शिवीगाळ या सगळ्याची तारीख, वेळ आणि नंबर वहीत लिहून ठेवा. घरी आलेल्या वसुली एजंटाकडे बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र मागायचं. नसेल तर बोलणं दारातच संपतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद, सेटलमेंटचं पत्र. ते बँकेच्या लेटरहेडवर हवं आणि बँकेच्या अधिकृत ईमेलवरून यायला हवं. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो म्हणजे पत्र नव्हे. बनावट पत्रं सर्रास फिरतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी शाखेत किंवा कार्डामागच्या क्रमांकावर फोन करून पत्राचा संदर्भ क्रमांक पडताळा. पत्रात पूर्ण खाते क्रमांक, एकूण थकबाकी, सेटलमेंटची रक्कम, माफ होणारी रक्कम, प्रत्येक हप्त्याची तारीख आणि पैसे कोणत्या खात्यात भरायचे हे असायलाच हवं. हे बहुतेक पत्रांत असतं. जे नसतं, ते मागून घ्यावं लागतं: रक्कम मिळाल्यावर उरलेल्या रकमेवर बँकेचा कोणताही दावा राहणार नाही असं स्पष्ट वाक्य, कोर्टातली किंवा लवादापुढची प्रकरणं मागे घेण्याची हमी, कोरे चेक परत देणं, ना-देय दाखला (काही देणं उरलं नाही असं बँकेचं पत्र) किती दिवसांत मिळेल, आणि क्रेडिट कंपन्यांना, म्हणजे सिबिलसारख्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांना, खात्याची स्थिती कोणत्या शब्दांत कळवली जाईल.

या शेवटच्या मुद्द्यावर लोक सगळ्यात जास्त फसतात. एजंट म्हणतो, "सिबिल क्लिअर होईल." क्लिअर म्हणजे काय? थकबाकी शून्य दिसेल, हे खरं. स्थिती 'क्लोज्ड' दिसेल, असं तो म्हणालेला नसतो. तुम्ही तसं ऐकलेलं असतं. पत्रात शब्द नसेल तर 'सेटल्ड'च जाणार असं धरून चाला.

पत्रात एक वाक्य हमखास असतं: ठरलेल्या तारखेला रक्कम आली नाही तर तडजोड रद्द, आणि भरलेली रक्कम एकूण थकबाकीत वळती. तीन हप्त्यांच्या सेटलमेंटमध्ये तिसरा हप्ता चार दिवस उशिरा गेला की हे वाक्य जागं होतं. दोन हप्ते गेलेले, सूटही गेलेली, आणि थकबाकी पुन्हा लाखांत. म्हणून पूर्ण रकमेची सोय झाल्याशिवाय पत्रच मागू नका. भिशी लागेल, मित्र देईल या भरवशावर तर मुळीच नको. हप्त्यांसाठी पुढच्या तारखांचे चेक दिलेत आणि एखादा परत गेला, तर चेक न वटल्याचा फौजदारी खटला हे नवंच झेंगट मागे लागतं. थेट बँक हस्तांतर बरं.

पैसे फक्त पत्रातल्या कर्ज खात्यात किंवा कार्ड क्रमांकावर, स्वतःच्या खात्यातून भरायचे. एजंटाच्या यूपीआयवर नाही, रोख नाही, "ऑफिसचं कलेक्शन अकाउंट आहे" यावर तर कधीच नाही. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक हस्तांतराचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा आणि त्याच दिवशी पत्राच्या संदर्भ क्रमांकासह बँकेला ईमेल करा. मग एक छोटं काम उरतं: तुमच्या बँकेत जाऊन त्या कर्जाचं ऑटो-डेबिट मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापण्याची परवानगी, लेखी अर्जाने बंद करा. सेटलमेंट झाल्यावरही जुना हप्ता खात्यातून ओढला जाणं, हा प्रकार दुर्मीळ नाही.

चेक न वटल्याचा खटला आधीच चालू असेल तर नुसत्या पत्रावर घरी बसू नका. तो बँकेनेच कोर्टात तडजोड दाखवून मिटवावा लागतो. तसं होईपर्यंत तुमच्या तारखा चालूच असतात आणि गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं. वसुलीचा दावा कोर्टात असेल तर तडजोडीवर कोर्टाचा हुकूमनामा घ्यायचा. लोकअदालत हा इथे चांगला रस्ता आहे: कोर्ट फी लागत नाही, दावा दाखल होण्याआधीचीही प्रकरणं तिथे घेतात, आणि तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपीलही नाही. तिथे बँकेचा अधिकारी समोर बसलेला असतो, एजंटामार्फत निरोपानिरोपी नसते. मात्र लोकअदालतीत झालं म्हणून सिबिलमध्ये वेगळा शब्द येत नाही. कमी रकमेत मिटलं, तर 'सेटल्ड'च.

ना-देय दाखला हातात आला की क्रेडिट रिपोर्टकडे वळायचं. देशात असे रिपोर्ट देणाऱ्या चार क्रेडिट कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका चौघींनाही माहिती पाठवतात, आणि एकीकडे दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे चुकीची राहू शकते. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो; तो त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या. कार्डाच्या बाबतीत, थकबाकीदार म्हणून कळवल्यानंतर हिशेब मिटला तर ३० दिवसांत स्थिती सुधारणं कार्ड देणाऱ्या बँकेवर बंधनकारक आहे. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरवड्याला पाठवावी लागते. म्हणजे दीड महिन्यानंतर रिपोर्ट काढला तर बदल दिसायला हवा.

रिपोर्टमधलं ते खातं असं वाचा. वर कर्ज देणाऱ्याचं नाव, कर्जाचा प्रकार, उघडल्याची तारीख. 'करंट बॅलन्स' शून्य हवा. 'अमाउंट ओव्हरड्यू' शून्य हवा. 'डेट क्लोज्ड' भरलेली हवी. त्याखाली स्थितीचा रकाना: इथे 'सेटल्ड' असेल, किंवा आधी राईट-ऑफ झालं असेल तर 'पोस्ट राईट-ऑफ सेटल्ड'. 'सेटलमेंट अमाउंट'समोर तुम्ही भरलेली रक्कम. आणि सगळ्यात खाली महिन्यांची पट्टी, ३६ महिन्यांपर्यंतची: ०००, ०००, ०२८, ०५९, ०९०… हे त्या-त्या महिन्यात थकलेले दिवस. 'एक्सएक्सएक्स' म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही. सेटलमेंटनंतर ही पट्टी पुसली जात नाही. काही महिन्यांत आकड्यांऐवजी 'सब' (सब-स्टँडर्ड), 'डीबीटी' (डाउटफुल, म्हणजे संशयित) अशी अक्षरं दिसली तर ती एनपीएच्या गटाची.

नेहमीच्या चुका तीन. बॅलन्स शून्य पण स्थिती अजून 'रिटन-ऑफ'. किंवा स्थिती बदललेली पण ओव्हरड्यूमध्ये माफ झालेली रक्कम तशीच. किंवा एकच खातं दोनदा, एकदा बँकेच्या नावाने आणि एकदा ते विकत घेणाऱ्या कंपनीच्या नावाने, दोन्हीकडे थकबाकी चालू. ओव्हरड्यूमधली चूक सर्वांत महागात पडते, कारण नव्या कर्जाची छाननी करणाऱ्या संगणकाला ती आजची थकबाकी वाटते आणि अर्ज माणसापर्यंत पोचतच नाही.

दुरुस्तीसाठी त्या क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि त्याच दिवशी बँकेलाही पत्र, पावती आणि ना-देय दाखला जोडून ईमेल करा. कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही, ती बँकेला विचारते. खरी किल्ली बँकेकडे. तक्रारीला ३० दिवस आहेत. त्यातले पहिले २१ दिवस बँकेचे. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला द्यावी लागते. रक्कम किरकोळ आहे, पण तक्रारीत त्या नियमाचा उल्लेख केला की फाईल हलते. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधानकारक नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते. क्रेडिट कंपन्याही आता त्याच योजनेत येतात.

'सेटल्ड' किती वर्षं राहतं? "सात वर्षांनी आपोआप जातं" हे सगळीकडे छापलेलं दिसतं. कायदा सांगतो ते थोडं वेगळं आहे: क्रेडिट कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं जपली पाहिजे. किमान. आठव्या वर्षाच्या पहिल्या तारखेला पुसलीच पाहिजे, असं त्यात नाही. म्हणून दिवस मोजत बसण्यात अर्थ नाही.

स्कोअरचं म्हणाल तर ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवर मोठी घसरण सेटलमेंटच्या आधीच झालेली असते, थकलेल्या महिन्यांमुळे. सेटलमेंटनंतर थकबाकी शून्य झाल्याने, आणि बाकी खाती वेळेवर असतील तर, स्कोअर हळूहळू वर येऊ लागतो. मग लोक म्हणतात, स्कोअर ७४० आहे तरी कर्ज नाकारलं. कारण अधिकारी स्कोअरखालची ओळ वाचतो. अनेक बँकांच्या अंतर्गत धोरणात 'सेटल्ड' किंवा 'रिटन-ऑफ' असलेला अर्ज तिथेच थांबतो. बँकांच्या नोकरभरतीतही क्रेडिट रेकॉर्ड बघतात, हे घरातल्या तरुण मुलांसाठी ध्यानात असू द्या. आणि सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर ही ओळ त्याच्याही रिपोर्टमध्ये जाते. त्याला विचारल्याशिवाय सेटलमेंट करणं म्हणजे त्याच्या नावावरही सही करण्यासारखं आहे.

ओळ बदलण्याचा एक सरळ रस्ता आहे: माफ झालेली रक्कम नंतर भरून टाकणं. बँकेला लेखी विचारा की उरलेली रक्कम भरली तर स्थिती 'क्लोज्ड' म्हणून कळवाल का, आणि किती रक्कम धराल. माफीच्या दिवसाचीच रक्कम, की त्यावर पुढचं व्याजही? उत्तर लेखी आलं, आकडा झेपणारा असला, तर भरा. नवा ना-देय दाखला घ्या, त्यात 'पूर्ण परतफेड' हे शब्द हवेत. पट्टीवरचे जुने थकीत महिने तरीही राहतात, पण छाननीत अडवणारा शब्द जातो. गृहकर्ज घ्यायचं पक्कं असेल तर अर्जाच्या किमान तीन-चार महिने आधी हे करा, अर्ज नाकारल्यावर नाही. पैसे घेऊन 'सिबिल साफ करून देतो' म्हणणाऱ्यांकडे याखेरीज दुसरी कोणतीही जादू नसते. तक्रारीचा अर्ज तुमच्या वतीने ते भरतात, एवढंच.

नवं रेकॉर्ड उभं करायला मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड पुरतं. पंधरा-वीस हजारांची ठेव, मर्यादेच्या पाव भागाइतका वापर, आणि बिलाची पूर्ण रक्कम देय तारखेच्या दोन दिवस आधी. पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकून 'कुठेतरी होईल' बघणं टाळा. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये उमटते.

कर्ज धंद्याचं असेल तर माफ झालेली रक्कम प्राप्तिकरात उत्पन्न धरली जाऊ शकते. सीएला पत्र दाखवून मगच पैसे भरा.

सगळे कागद, म्हणजे प्रस्ताव, बँकेचं पत्र, यूटीआर, ना-देय दाखला, सेटलमेंटआधीचे आणि नंतरचे चारही रिपोर्ट, एका फाईलमध्ये आणि ईमेलवरही ठेवा. बँका थकलेली खाती गठ्ठ्याने मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात, आणि मिटलेलं खातं चुकून त्या गठ्ठ्यात जाऊ शकतं. चार वर्षांनी अनोळखी कंपनीचा फोन येतो, "तुमचे एक लाख ऐंशी बाकी आहेत." अशा वेळी फोनवर वाद घालायचा नाही आणि 'हो, होते' असंही म्हणायचं नाही. त्यांचा ईमेल पत्ता मागायचा, खातं त्यांच्याकडे आल्याचं हस्तांतर पत्र मागायचं, आणि ना-देय दाखल्याची प्रत त्यांना व मूळ बँकेला एकाच ईमेलमध्ये पाठवायची.